उचलणे वेगळे, टेकू देणे वेगळे

मोटारगाडी ही एके काळी गावातल्या चार-दोन घरांची मिरास होती. डॉक्टर, वकील, एखादा व्यापारी, एवढ्यांच्याच दारात ती दिसायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय माणसाच्या अंगणातही चार चाके येऊन उभी राहिली. आता अंगणात गाडी आली म्हणजे तिच्याखाली डोकावणारा माणूसही आलाच! रविवारची सकाळ असावी, चहा झालेला असावा, आणि सायलेन्सरचा खडखडाट नेमका कुठून येतो हे स्वतःच पाहावे अशी हुक्की यावी, ह्यात गैर काहीच नाही. मोबाइलवर पाहिजे त्या दुरुस्तीची चित्रफीत मिळते, डिकीत जॅक असतो, हाताशी पाना असतो. स्वतःच्या हाताने यंत्र उघडून पाहण्याची हौस ज्या समाजात वाढते त्या समाजाचे भलेच होते, असे मी शिक्षक म्हणून मानतो.

पण ह्या हौसेत एक जागा अशी आहे, की तिथे हौस पुरत नाही. ती जागा म्हणजे उचललेल्या गाडीच्या पोटाखालची.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मुलांना वर्गात मी कधी कधी विचारतो, “जॅक लावून गाडी उचलली. आता सांगा, ती कशावर उभी आहे?” मुले एका सुरात म्हणतात, “जॅकवर!” उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गाडीचे वजन शेवटी जमिनीतच जायचे. मग गाडीपासून जमिनीपर्यंत ते कोणत्या वाटेने जाते? ह्या वाटेला आपण ‘भाराची वाट’ म्हणू. ही वाट एकदा डोळ्यांपुढे नीट उभी राहिली, की बाकीच्या सगळ्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

प्रथम तेलाचा जॅक घ्या. सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच विचारवंताने सांगितले, की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. ह्याच तत्त्वावर जोसेफ ब्रामा ह्याने १७९५ साली इंग्लंडात द्रवाच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपला जॅक हा त्या यंत्राचाच धाकटा भाऊ. लहान दट्ट्याचे तोंड एक चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे वीस असेल, तर इकडे दहा किलोचा जोर दिल्यावर तिकडे दोनशे किलो उचलले जातात. मोठी सोय आहे! पण आता भाराची वाट पाहा. गाडीचे वजन मोठ्या दट्ट्यावर, दट्ट्या तेलावर, आणि ते तेल कोंडून धरले आहे कोणी? एका रबरी वायसरने आणि एका चिमुकल्या झडपेने. वायसर जुना झाला, त्याला चीर पडली किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला, तर तेल वाट काढते आणि गाडी खाली येते. कधी ती हळूहळू येते, कधी तेवढीही सवड देत नाही. म्हणजे तेलाच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जो माणूस शिरतो, तो आपला जीव एका वायसरवर टांगून शिरतो.

डिकीत मिळतो तो कात्रीसारखा उघडणारा जॅक निराळा. त्यात तेल नाही, स्क्रू आहे, आणि आट्यांमधल्या घर्षणामुळे तो आपोआप उतरत नाही. मग तो तरी सुरक्षित का नाही? त्याची बैठक वीतभर आणि उंची तिच्या दुप्पट, म्हणून. शिवाय त्यात भूमितीची एक गंमत आहे. गाडीची एक बाजू वर जाते तेव्हा ती सरळ वर जात नाही; जमिनीवर टेकलेल्या चाकांभोवती ती किंचित वळते. दाराचे पान बिजागरीभोवती वळते तसे. त्यामुळे जॅकचे डोके ज्या जागी टेकले आहे, ती जागा वर जाता जाता थोडी बाजूलाही सरकते. चाके असलेला ट्रॉली जॅक तिच्यामागून गडगडत जातो आणि जुळवून घेतो, म्हणूनच त्याची चाके मातीत रुतलेली नकोत. कात्रीच्या जॅकला पाय आहेत, चाके नाहीत. तो कलतो. कललेल्या जॅकला आडवा धक्का पुरतो, आणि घट्ट बसलेला नट काढायला तुम्ही पान्याला दिलेला हिसका म्हणजे तसाच आडवा धक्का. हा जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, असे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतही छापलेले असते. ती पुस्तिका आपण सहसा वाचत नाही, एवढेच!

म्हणून पहिला नियम असा: जॅक उचलण्यासाठी, टेकू धरण्यासाठी. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. बैल सोडले म्हणजे शेतकरी गाडीच्या दांडीखाली लाकडी टेकू लावतो. गोवर्धन पर्वत श्रीकृष्णाने करंगळीवर उचलला, तरी गोपाळांनी आपापल्या काठ्यांचे टेकू लावलेच, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. तिथे काठ्यांची गरज होती की नाही हा प्रश्न वेगळा. तुमच्या-माझ्या जॅकला मात्र ती आहे.

मोटारीसाठी हा टेकू म्हणजे जॅक-स्टँड, पसरट पायांची लोखंडी घोडी. तिच्यातून भार कसा जातो पाहा: गाडीच्या सांगाड्यातून लोखंडी दांड्यात, दांड्यातून खिळीत किंवा दात्यात, तिथून पायांत, पायांतून जमिनीत. मध्ये कुठेही तेल नाही, वायसर नाही. तिच्यावर लिहिलेला टनांचा आकडा मात्र नीट वाचा. तो एका स्टँडचा आहे की जोडीचा, हेही पाहून घ्या. हिशेब अवघड नाही. लहान गाडी नऊशे किलोची धरा. यंत्र पुढे असल्यामुळे त्यातले साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणजे सुमारे ५४० किलो. सिमेंटची जवळजवळ अकरा पोती! पुढची बाजू दोन स्टँडांवर टेकवली तर प्रत्येकावर साडेपाच पोत्यांच्या आसपास भार येतो. स्टँडची ताकद ह्याच्या दुप्पट-तिप्पट असावी, म्हणजे धक्क्याबिक्क्याला जागा राहते.

स्टँड नसेल तर काय? इथे पुष्कळ लोक विटा रचतात किंवा सिमेंटचा पोकळ ठोकळा लावतात. “अहो, ह्यांच्यावर घरं उभी राहतात, गाडीचं काय घेऊन बसलात?” असा त्यांचा युक्तिवाद असतो. भिंतीत प्रत्येक विटेवर भार सारखा पसरलेला असतो, खाली-वर चुन्या-सिमेंटची गादी असते. गाडीचा भार मात्र एका अरुंद कडेवर एकवटतो. वीट आणि सिमेंट दाब सोसतात, पण ताण आणि वाक त्यांना सोसत नाही. शिवाय ती मोडताना आधी कळवत नाहीत. पोलाद मोडण्यापूर्वी वाकते, लाकूड करकरते; वीट एका क्षणात फुटते. तेव्हा विटा नकोत, दगड नकोत, पोकळ ठोकळे तर मुळीच नकोत. लाकूडच वापरायचे तर जाड, न चिरलेले, चौकोनी ओंडके घ्यावे. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, अशी चौकटीची रचना करावी, आणि तिची उंची पायाच्या रुंदीहून जास्त नेऊ नये.

आता भाराच्या वाटेचे शेवटचे ठाणे, म्हणजे जमीन. ती कठीण आणि सपाट हवी. कोबा उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात डांबर मऊ पडते आणि स्टँडचा पाय त्यात रुततो. पावसाळ्यात माती दबते. सोसायटीच्या आवारात बसवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांखाली वाळू असते, ती सरकते. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर फरशी तडकते. अशा ठिकाणी स्टँडखाली जाड फळी घालावी. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर मात्र हे काम करूच नये.

आता वाटेचे पहिले ठाणे, म्हणजे गाडीचे अंग. जॅक आणि स्टँड कुठे टेकवायचे त्या जागा ठरलेल्या असतात आणि पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. दारांच्या खालच्या मजबूत कडेला त्यासाठी खुणाही असतात. मधला पत्रा किंवा तेलाची टाकी म्हणजे टेकू देण्याची जागा नव्हे. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने ही कडा आतून गंजते आणि वरून रंग मात्र चकचकीत दिसतो. पान्याने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर काम कारखान्यातल्या माणसावर सोपवावे.

गाडी वरून पडते तशी ती पुढे-मागे सरकूनही पडते, आणि इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आता गाडी हलत नाही, असे आपण समजतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की ती चाके अधांतरी, मग ब्रेक कोणाला अडवणार? गिअरचेही तसेच. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतो. यंत्राने ज्या चाकांना गती मिळते त्यांतले एक उचलले, की ते हवेत उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे सुलटे. गिअर असूनही गाडी सरकते! म्हणून जी चाके जमिनीवर आहेत त्यांना पुढून आणि मागून लाकडी पाचर लावावी. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून आधी चाकाला ठोकळा लावतो. त्याने पदार्थविज्ञानाचे पुस्तक वाचलेले नसते, पण परीक्षेत तो पहिला यावा.

आता क्रम सांगतो. सपाट जागा, हँडब्रेक, गिअर, पाचरी. किल्ली स्वतःच्या खिशात. गाडीत कोणी बसलेले नाही ना, पोरेबाळे आसपास नाहीत ना, हे पाहणे. चाक काढायचे असेल तर नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करणे. मग उचलणे, स्टँड लावणे, दोन्ही स्टँडच्या खिळी सारख्या उंचीवर पुऱ्या बसल्या आहेत का ते पाहणे. जॅक हळूच सोडून भार स्टँडवर घेणे. त्यानंतर, आणि हे विसरू नये, बाहेर उभे राहून गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहणे. पडायची असेल तर ती आता पडू दे, तुम्ही बाहेर असताना. ती ठाम राहिली म्हणजे जॅक नुसता टेकेल इतका वर घेऊन तसाच राहू द्यावा, आणि काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवावी.

हा दुसरा आधार कशाला, असे कोणी म्हणेल. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकान-साखळीला विकलेले सुमारे सतरा लाख जॅक-स्टँड परत मागवावे लागले, कारण धक्का बसला तर त्यांची खिळी दात्यातून निसटण्याचा धोका होता. त्यांच्या बदली दिलेल्या काही स्टँडांचे जोडकामही त्याच वर्षी सदोष निघाले. तेव्हा लोखंडावर विश्वास ठेवावा, पण एकाच लोखंडावर नको.

आणखी एक गोष्ट. हे काम घरात कोणी नसताना करू नये. छातीवर भार आला की बरगड्या न मोडताही श्वास थांबतो, कारण श्वास घ्यायला छाती फुगावी लागते. ज्याला श्वास नाही त्याला हाकही मारता येत नाही. कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे आणि त्याने अधूनमधून डोकावावे. दुर्दैवाने तसा प्रसंग आलाच तर माणसाला ओढत बसू नये. जॅक लावून आधी गाडी उचलावी, तिला टेकू द्यावा, आणि दुसऱ्याने त्याच वेळी ११२ किंवा १०८ क्रमांक फिरवावा.

तेव्हा वाचकहो, गाडीखाली जाण्यापूर्वी एकदा गुडघ्यावर बसा आणि भाराची वाट बोटाने दाखवून पाहा: गाडीची कडा, स्टँड, फळी, जमीन. ह्या वाटेत कुठे तेल लागले, वीट लागली, मऊ माती लागली, तर उठा, हात पुसा आणि आधी तेवढी दुरुस्ती करा. सायलेन्सरचा खडखडाट आणखी एक आठवडा ऐकून घेता येतो.