शेगडी, बंद खोली आणि एक अणू

थंडीत बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे-खिडक्या घट्ट लावण्याची पद्धत अजूनही काही घरांत दिसते. त्यातला धोका समजून घेऊ.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन हे मूलद्रव्य. भरपूर हवेत तो जळला, की कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू जोडले जाऊन कार्बन डायऑक्साइड हे संयुग बनते. हवा अपुरी पडली, की एकच अणू जोडला जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. श्वासातला ऑक्सिजन त्यांना चिकटूनच शरीरभर पोहोचतो. कार्बन मोनॉक्साइडची त्यांच्यावरील पकड मात्र ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक! मग ऑक्सिजनला जागा कुठली? डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपेतला माणूस कित्येकदा जागाच होत नाही.

म्हणून पेटती शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये. कोणी गुंगीत आढळल्यास कांदा हुंगवण्यात वेळ न घालवता त्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि ताबडतोब ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.