सोफियाला साडी कशासाठी?

फेब्रुवारी २०२० मध्ये सोफिया ही यंत्रमानव कोलकात्यात आली, ती लाल-पांढऱ्या साडीत. डिसेंबर २०१७ मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्येही तिला साडीच नेसवली होती. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्सने घडवलेल्या या यंत्राला मुळात ना लिंग, ना वंश. पण चेहरा बेतला तो अभिनेत्री ऑड्रे हेपबर्नवर: गोरा, नाजूक. हे आपोआप होत नाही, कुणीतरी बसून ठरवतं.

आणि ठरवलेलं बघणाऱ्याच्या डोक्यात घुसतं. जर्मनीत आयसेल आणि हेगेल या संशोधकांनी २०१२ मध्ये रोबोच्या डोक्याची चित्रं लोकांना दाखवली. एकाचे केस आखूड, दुसऱ्याचे लांब. आखूड केसांचा रोबो यंत्रदुरुस्तीला, घराच्या राखणीला बरा वाटला. लांब केसांचा घरकामाला, मुलं सांभाळायला. नुसत्या टोपावर नोकरी ठरली म्हणायची!

रंगाचंही तसंच. बहुतेक रोबोंचं कवच पांढरं असतं, आणि ते कुणाला खटकतही नाही.

पडद्यावरचे चेहरेही यातून सुटलेले नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बंगालच्या माकपने प्रचारासाठी ‘समता’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका आणली. डाव्यांनाही तरुणीच सुचली, हे गमतीचं आहे.

बाईचा चेहरा देणं हा गुन्हा नव्हे. पण स्वागताला, सेवेला दर वेळी तीच उभी राहत असेल, तर तो निव्वळ योगायोग मानता येत नाही. पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात असा रोबो भेटला, तर त्याच्याशी गप्पा मारण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या अभियंत्याला विचारा: हा चेहरा, हा आवाज कुणी निवडला आणि का?