वारली चित्र कोणते म्हणावे?

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून रेखाटलेली माणसे आज साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या आणि शाळांच्या भिंतींवर सर्रास दिसतात आणि त्या सर्वांना वारली चित्र म्हटले जाते. परंतु केवळ आकृतीच्या घडणीवरून हे नाव द्यायचे ठरवले, तर ज्या समाजाने ही चित्रपद्धती जोपासली तोच व्याख्येबाहेर राहतो.

डहाणू, तलासरी, जव्हार या परिसरातील वारली आदिवासींमध्ये या चित्राचे मूळ रूप लग्नातला चौक, म्हणजे घराच्या भिंतीवर देवीसाठी आखलेली चौकट, हे होय. सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात देऊन, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून केलेल्या पांढऱ्या रंगाने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सवाशिणी हा चौक लिहितात. मध्यभागी सुफलतेची देवी पालघाट असते, चौकटीच्या कडांना बारीक नक्षीचे पट्टे असतात आणि भोवती झाडे, प्राणी व माणसांची वर्दळ असते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रिया, या वेळी गाणी म्हणतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने हे चित्र कागदावर आले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लग्नप्रसंगाची वाट न पाहता रोज चित्रे काढू लागले. मासेमारीच्या जाळ्याची बारीक वीण चित्रभर पसरवणारे म्हसे विधीपासून दूर गेले खरे, पण पाणी, रान आणि श्रम यांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी वारलीच होती, म्हणून त्यांचे चित्रही निःसंशय वारलीच ठरते. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

पॅसिफिक बेटांवरील टिकी, म्हणजे पूर्वजांच्या व देवांच्या कोरीव मूर्ती, यांचे नाव मात्र असे मूळ समाजाकडे राहिले नाही. १९३० च्या दशकापासून अमेरिकेतील मद्यगृहांच्या सजावटीसाठी त्यांच्या धर्तीवर नव्या मूर्ती घडवल्या गेल्या, त्यांतून ‘टिकी कला’ ही स्वतंत्र अमेरिकी शैली रूढ झाली, आणि तिच्या व्याख्येत बेटांवरच्या कारागिराला फारशी जागा उरली नाही.

वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने त्रिकोणाच्या माणसांवर मालकी मिळत नाही, तर नोंदणीकृत वापरकर्त्यांखेरीज इतरांना आपला माल त्या नावाने विकता येत नाही. कायदा बाजारापुरता पुरेसा आहे, भिंतीपुरता नाही. म्हणून मुरुमसारख्या, डहाणूपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातही शाळेची भिंत या आकृतींनी रंगवायची झाल्यास, शक्य असेल तेथे वारली चित्रकारालाच बोलवावे, आणि ते जमत नसेल तर चित्राखाली ‘वारली चित्रांवरून’ असे स्पष्ट लिहावे.