प्रयोगशाळेत घडणारा स्नायू

चालणे, लिहिणे, ओझे उचलणे ही सर्व कामे आपण हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या बळावर करतो. प्रौढ माणसाच्या वजनात या स्नायूंचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. लहानशी इजा झाली, तर स्नायू आपोआप भरून येतो. असे का होते?

१९६१ साली अलेक्झांडर माउरो या शास्त्रज्ञांना बेडकाच्या स्नायुतंतूंच्या कडेला चिकटलेल्या सूक्ष्म पेशी आढळल्या. त्यांना ‘उपग्रह पेशी’ असे नाव मिळाले. एरवी सुप्त असणाऱ्या या पेशी इजा होताच जागृत होतात, त्यांची संख्या वाढते व त्यांपासून नवे तंतू तयार होतात. परंतु इजा फार मोठी असेल, तर ही व्यवस्था अपुरी पडते. ड्युशेन स्नायुक्षय या आनुवंशिक आजारातही तसेच घडते. हा आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि हळूहळू त्यांचे चालणे थांबते.

अशा रुग्णांसाठी शरीराबाहेर स्नायू वाढवता येईल काय? त्यासाठी स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी पोषक द्रवात वाढवतात. मात्र केवळ पोषण मिळाल्याने पेशींचा स्नायू होत नाही. त्यांना ताणही लागतो. म्हणून या पेशी मऊ, लिबलिबीत पदार्थात मिसळून त्याची दोन्ही टोके घट्ट बांधतात. ताणाच्या दिशेने पेशी ओळीत येतात, एकमेकींत मिसळतात आणि लांब तंतू बनतात.

२०१५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नेनाद बुर्साक व लॉरन मॅडन यांनी याच मार्गाने मानवी स्नायू तयार केला. विजेचा सौम्य झटका देताच तो खऱ्या स्नायूप्रमाणे आकुंचन पावला. औषधांनाही त्याने शरीरातील स्नायूसारखाच प्रतिसाद दिला. त्यामुळे रुग्णाच्याच पेशींपासून स्नायू वाढवून, रुग्णाला धोक्यात न घालता, त्यावर औषध पारखून पाहण्याची वाट मोकळी झाली.

तरीही एक मोठी अडचण उरते. रक्तवाहिन्या नसल्यामुळे प्राणवायू ऊतीमध्ये मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे पुरेसा पोहोचत नाही आणि आतील पेशी मरतात. म्हणून असे स्नायू अद्याप बारीकच ठेवावे लागतात. गमावलेल्या स्नायूच्या जागी बसेल असा जाड स्नायू घडवायचा, तर आधी त्यात रक्ताची वाट तयार करावी लागेल.