निवेदनातील काळ आणि उत्कंठा : एक रहस्यपट व एक क्रीडा-माहितीपट

प्रस्तावना

शेवट ठाऊक नसतो म्हणून रहस्यपट आपल्याला खिळवून ठेवतो, असे सामान्यतः मानले जाते. मग ज्या सामन्याचा निकाल सर्वांना ठाऊक आहे, त्याचा माहितीपट पाहतानाही आपण श्वास का रोखून धरतो? या प्रश्नाचे उत्तर निवेदनाच्या भाषेत शोधावयाचे आहे.

रहस्य आणि उत्कंठा

राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेला आहे. पुढे त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. एका वकिलाची पत्नी मरण पावली आहे; तरीही हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक आरोपी ‘मी तुमचीच पत्नी’ असे न्यायालयात सांगते. ती कोण, हे रहस्य होय. परंतु तिच्या प्रत्येक उत्तरागणिक वकिलाचा विश्वास डळमळू लागतो, ती उत्कंठा. उत्तर कळताच रहस्य संपते. उत्कंठा मात्र दुसऱ्यांदा पाहतानाही उरते.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट केला आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. तो तेथे आहे हे आधी कळले, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याला असह्य होतात. म्हणजे उत्कंठा अज्ञानातून नव्हे, तर पुष्कळदा ज्ञानातूनच जन्मते.

ज्ञात निकालाची उत्कंठा

‘सचिन : अ बिलियन ड्रीम्स’ (२०१७) या माहितीपटाचा प्रेक्षक २ एप्रिल २०११ चा निकाल जाणतो. वानखेडेवर २७५ धावांचा पाठलाग करताना सचिन १८ धावांवर बाद झाला आणि तरी भारत जिंकला, हे त्याला पाठ असते. तथापि जुने चित्रण पडद्यावर उलगडू लागले की तो क्षण पुन्हा ‘चालू’ होतो.

व्याकरणात याला समांतर असलेली योजना म्हणजे ऐतिहासिक वर्तमानकाळ. ‘महाराज आग्र्याहून निसटले’ हे वृत्त झाले. ‘महाराज आग्र्याहून निसटतात’ असे म्हणताच आपण घटनेचे साक्षीदार होतो. ‘आशा परत येते’ या शीर्षकातील ‘येते’ हे रूपही पाहावे. ‘आशा’ हे विशेषनाम आणि सामान्यनाम, असे दोन्ही अर्थ त्यात जागे राहतात.

आपल्या बोलीचा दाखला

जळगाव-धुळे परिसरातील विद्यार्थ्यांना या योजनेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. अहिराणीत कथा सांगणारी आजी ‘तो येस, इकडे तिकडे देखस’ अशी वर्तमानकाळी रूपे योजू शकते. गोष्ट शंभरदा ऐकलेली असली, तरी ऐकणारी मुले सरसावून बसतात. अशा बोलण्याला ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला सारणारा विद्यार्थी निवेदनशास्त्राचा उत्तम पाठ घरातच गमावून बसतो. ‘-स’ हा प्रत्यय प्रमाण मराठीतील चूक नव्हे. तो अहिराणीच्या स्वतःच्या व्याकरणाचा नियम आहे.

समारोप

सारांश, रहस्य हा माहितीच्या अभावाचा, तर उत्कंठा ही माहितीच्या मांडणीचा परिणाम होय. या मांडणीत क्रियापदाच्या काळाचा वाटा मोठा असतो.

स्वयं-अध्ययनासाठी कृती

१. रहस्य व उत्कंठा यांतील भेद आपल्या पाहण्यातील एका चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
२. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितलेली एक गोष्ट तिच्याच बोलीत, प्रमाण भाषेत न बदलता, उतरवून घ्या. भूतकाळातून वर्तमानकाळात निवेदन कोठे वळते ते अधोरेखित करा व त्याचे कारण लिहा.