भेटीचा हक्क मुलाचा

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून काम सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. सात वर्षांचा एक मुलगा दर शनिवारी आईबरोबर यायचा. न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत वडिलांनी त्याला दोन तास भेटावं, असा अंतरिम आदेश होता. आई शेजारी असताना मी त्याला विचारलं, "बाबांना भेटायला आवडतं का रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "नाही." पुढच्या दोन्ही खेपांना तेच उत्तर. मी अहवालात लिहून टाकलं, 'मूल भेटीस उत्सुक नाही.'

नंतरच्या शनिवारी आई आजारी होती. मामाने त्याला आणून सोडलं आणि तो बाहेर गेला. बाप-लेक दोन तास कॅरम खेळले. निघताना मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, मला मजा आली हे आईला सांगू नका हं. तिला वाईट वाटतं."

चूक माझी होती. त्याचं गुपित न फोडता मी पुरवणी अहवाल दिला, की मूल वडिलांबरोबर रमतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हापासून 'मुलाचा ताबा' हा शब्द मला खटकतो. ताबा जमिनीचा असतो, घराचा असतो. कायदा मुलाकडे तसं बघत नाही. १९५६ सालच्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की अज्ञान मुलाचं कल्याण हाच सर्वांत महत्त्वाचा विचार. आईचा हक्क किंवा वडिलांचा हक्क त्यानंतर.

इथे पालकत्व आणि ताबा यांत गल्लत होते. मुलाच्या वतीने सही करायची, त्याच्या हिताचे निर्णय घ्यायचे, हे पालकत्व. मूल राहतं कुणाजवळ, हा ताब्याचा प्रश्न. याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई असे शब्द आहेत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून सही केली, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ साली न्यायालयाने सांगितलं, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील, तर ते हयात असतानाही आई पालक असू शकते.

ताब्याबाबत हाच कायदा म्हणतो, की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं. 'सर्वसाधारणपणे' हा शब्द विसरू नका. मुलाचं हित वेगळं दिसलं तर निर्णय वेगळा होतो. सर्वधर्मीयांना लागू असलेल्या १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, समजत्या मुलाची इच्छाही न्यायालय विचारात घेऊ शकतं. न्यायाधीश अनेकदा मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. का, ते मला त्या मुलाने शिकवलं.

"पोटगी देत नाही, मग मूल का दाखवू?" "भेटू देत नाही, मग पैसे का देऊ?" हे दोन प्रश्न मी रोज ऐकते. पैसेही मुलाचे आणि भेटही मुलाची. एक थांबलं म्हणून दुसरं आपणच बंद करायचं नसतं. दाद न्यायालयात मागायची. दोन्ही पालकांचं प्रेम मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं, आणि ज्याच्याजवळ मूल नाही त्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं, असंही सांगितलं. मारहाण किंवा अत्याचाराची भीती असेल तिथे मात्र भेट देखरेखीखाली ठेवता येते, थांबवताही येते.

पुनर्विवाहानंतर काही जणी विचारतात, "नव्या यजमानांनी मुलाला दत्तक घेतलं तर?" सावकाश विचार करा. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलून मागता येतो. हिंदू दत्तक कायद्याखालचं वैध दत्तकविधान रद्द करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर दत्तक देण्याचा अधिकार आई-वडिलांना सारखाच आहे, पण काही अपवाद सोडता दुसऱ्याची संमती लागते. मूल तुमच्याजवळ राहतं म्हणून ती टळत नाही.

त्या मुलाच्या आईला मी एवढंच सुचवलं, की सोडताना 'मजा कर' म्हणा आणि परतल्यावर उलटतपासणी घेऊ नका. पुढच्या शनिवारी दारात ती कशीबशी म्हणाली, "जा, मजा कर." मुलगा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग कॅरमकडे धावला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)