फायटर माशाची शेपटी का झडते?

फायटर, म्हणजेच बेटा मासा, पाण्यावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे तो छोट्या बाऊलमध्ये तग धरतो, आणि दुकानात तसाच विकला जातो. पण तिथे विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साचतो. मासा अशक्त होतो, जीवाणू परांवर हल्ला करतात. कडा काळ्या किंवा लालसर होऊन झिजतात. हाच फिन रॉट. (टोकदार प्लास्टिकच्या रोपाने पर फाटला असेल, तर कडेचा रंग सहसा बदलत नाही.)

औषधाआधी पाणी बघायचं. रोज साधारण पाव हिस्सा बदलायचं. नवं पाणी क्लोरीन काढलेलं, टाकीतल्याइतकंच कोमट, 25 ते 27 अंश सेल्सिअस. सुरुवातीलाच लक्षात आलं तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. झीज अंगापर्यंत पोचली, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने अँटिबायोटिक. नवा पर आधी पारदर्शक दिसतो. तो आजार समजून पुन्हा औषध ओतू नये.